ऑर्किडचा धंदा : आहुप्याच्या डोंगरात काय शिकावे आणि बाजारात काय घ्यावे

लग्नाचा मंडप आता केवळ झेंडू-गुलाबावर भागत नाही. स्टेजच्या मागचा पडदा असो, नवरदेवाचा सेहरा असो की हॉटेलातले टेबल, जांभळी-पांढरी ऑर्किडची काडी तिथे असतेच. पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात आणि दादरच्या फूलबाजारात हा माल उतरतो, आणि त्यातला बराचसा थायलंडहून विमानाने येतो. मंडप-डेकोरेशन, हारफुले, पाइप फॅब्रिकेशन, सुतारकाम या व्यवसायांत आमचे पुष्कळ बांधव आहेत. हे फूल आपल्या मुलखात होईल काय, आणि झाले तर त्यात कोणाला काय सुटेल, हा विचार त्यांनी करणे वाजवी आहे.

आम्ही स्वतः कापडाच्या व्यापारातले. तरी या विषयावर लिहिण्याचा आम्हांला थोडा हक्क आहे असे आम्ही समजतो. ऑर्किड ज्या छपराखाली वाढते ते शेडनेट हे शेवटी एक विणलेले कापडच आहे. दुसरे असे की आंबेगाव तालुक्यातल्या आहुपे गावाच्या डोंगराशी कापडाच्या धंद्याचे नाते फार जुने आहे. तिथल्या हिरड्याच्या झाडाचे फळ रंगाऱ्याच्या कामाचे. हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवले की त्यावर रंग पक्का बसतो. रासायनिक रंग येण्यापूर्वी हिरड्यावाचून रंगारी चालत नसे, आणि कलमकारीचे कारागीर आजही तो वापरतात. आहुप्याचे महादेव कोळी बांधव आजही हिरडा गोळा करून विकतात आणि त्यावर त्यांच्या वर्षाच्या खर्चाचा मोठा भाग निघतो.

आहुपे हे घोडेगाव-डिंभे मार्गे गेल्यावर सह्याद्रीच्या ऐन कड्यावर लागणारे गाव. पलीकडे घाट उतरला की मुरबाड तालुक्यातले खोपिवली. कड्यावरून गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके समोर दिसतात. गावची देवराई दाट आहे, आणि भीमाशंकर अभयारण्याचा, जे १९८५ साली जाहीर झाले, हाच डोंगरपट्टा. पावसाचे चार महिने इथे आभाळ आणि जमीन एक झालेली असते. दिवाळीनंतर मात्र जूनपर्यंत थेंब नाही, असेल ते दव आणि पहाटेचे धुके.

अशा ठिकाणी झाडांच्या फांद्यांवर ऑर्किड आपोआप वाढते. मराठीत तिला आमरी म्हणतात. पुष्कळ लोक तिला बांडगूळ समजतात, ते चूक आहे. बांडगूळ झाडाचा रस शोषते. आमरी झाडावर फक्त बसते, आणि आपले अन्न-पाणी हवा, पाऊस व सालीवर साचलेल्या कचऱ्यातून घेते. सह्याद्रीच्या या पट्ट्यात डेंड्रोबियम बार्बाट्युलम नावाची पांढऱ्या फुलांची आमरी उन्हाळ्याच्या तोंडाला, पाने गळून गेलेल्या काड्यांवर फुलते. एरिडीस जातीची गुलाबी सुवासिक फुले पावसाच्या अलीकडे-पलीकडे लोंबतात. सीतेची वेणी तर नावाप्रमाणेच वेणीसारखी. जमिनीतून उगवणाऱ्या हॅबेनेरिया जातींची पांढरी फुले पावसाळ्यात गवतात उभी राहतात.

ज्याला ऑर्किडचा धंदा करायचा आहे त्याने हे झाड फांदीवर कसे बसले आहे ते एकदा नीट पाहावे. त्याची मुळे मातीत नसतात, उघडी असतात. मुळावर पांढरा, स्पंजासारखा थर असतो. पाऊस पडला की तो क्षणात पाणी पितो आणि हिरवट दिसू लागतो, पाऊस थांबला की वाऱ्याने तासाभरात सुकतो. म्हणजे या झाडाला पाणी भरपूर हवे, पण साचलेले नको. काडी जाड आणि गाठीची असते, तिच्यात कोरड्या महिन्यांसाठी पाणी साठवलेले असते. वर पानांची गाळीव सावली, खालून वारा. धुके असते म्हणून हवा ओली. ग्रीनहाऊसवाला लाखो रुपये खर्चून हेच सारे उभे करतो. पाइप, जाळी, फॉगर ही त्याची साधने. मातीने भरलेल्या कुंडीत ऑर्किड लावून रोज पाणी घालणाऱ्याचे झाड महिन्या-दोन महिन्यांत मुळापासून कुजते.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. जंगलातली आमरी उपटून आणलेली रोपे कुठे कुठे रस्त्याच्या कडेला किंवा ओळखीने विकायला येतात. स्वस्त दिसतात. ती घेऊ नयेत. अभयारण्यातून परवानगीवाचून वनस्पती काढणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. परदेशी व्यापारासाठी तर ऑर्किडचे सारेच कुळ साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. पण कायदा बाजूला ठेवून निव्वळ व्यापारी नजरेने पाहिले तरी हा माल खोटा आहे. जंगली जातीला वर्षातून एकदा, दोन-तीन आठवडे फूल येते. ते काडीवर तोडून बाजारात टिकत नाही आणि डेकोरेशनवाल्याला हवा तो रंग त्यात नाही. शिवाय चारशे-पाचशे रुपयांना शहरात विकल्या जाणाऱ्या रोपामागे डोंगरातल्या माणसाच्या हातावर किती पडतात, आणि पकडला गेला तर कोण पकडला जातो, हे ज्याचे त्याने समजून घ्यावे. हिरडा तोडला तर झाड पुढच्या वर्षी पुन्हा हिरडा देते. आमरी उपटली की तिथे ती अनेक वर्षे परत येत नाही.

आमच्या पंसारी आणि अत्तार बांधवांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. युनानी नुस्ख्यांतली सालब मिस्री ही ऑर्किडचीच वाळलेली कंदमुळे. सालब म्हणजे अरबीत कोल्हा. जोडीने येणाऱ्या कंदांच्या आकारावरून हे नाव पडले. एक किलो सुकी सालब व्हायला हजारावर कंद उपटावे लागतात, आणि प्रत्येक कंद म्हणजे एक मेलेले झाड. हिमालयातली हातजडी, जिच्यापासून चांगल्या दर्जाची सालब मिळत असे, आज नष्ट होण्याच्या वाटेवर आहे. तुर्कस्तानात सालबचे गरम दुधाळ पेय घरोघरी चालते, तिथल्या सरकारलासुद्धा खऱ्या सालबची निर्यात बंद करावी लागली. आज बाजारात सालब म्हणून जे मिळते त्यात भेसळ किती, हे जाणकारच जाणोत.

मग बाजारातली लाखो रोपे येतात कुठून? ऑर्किडची एक शेंग फुटली की धुळीसारखे लाखो बी उडते, पण त्या बीजात स्वतःची शिदोरी नसते. जंगलात एका विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. ही बुरशीची गोष्ट फ्रान्सच्या नोएल बर्नार्ड यांनी १८९९ मध्ये ओळखली. १९२२ मध्ये अमेरिकेत नडसन यांनी साखर व क्षार घातलेल्या जेलीवर बुरशीशिवाय बी रुजवून दाखवले, आणि १९६० मध्ये मोरेल यांनी कोंबाच्या टोकापासून हुबेहूब रोपे करण्याची रीत सांगितली. तोवर विलायतेतल्या श्रीमंतांच्या शौकासाठी जंगलेच्या जंगले लुटली जात होती, फांदीवरची आमरी काढायला झाडेच आडवी केली जात. टिश्यू कल्चर आल्यावर एका चांगल्या झाडापासून एकसारखी हजारो रोपे बाटलीत तयार होऊ लागली. थायलंडने यावरच आपला धंदा उभा केला. आपल्याकडे सिक्कीममध्ये पाक्योंग येथे १९९६ पासून ऑर्किडचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आणि पुण्यात भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पुष्प संशोधन संचालनालय आहे. पुणे परिसरात टिश्यू कल्चरची रोपे पुरवणाऱ्या प्रयोगशाळाही आहेत. रोप घेताना पक्की पावती घ्यावी, तिच्यावर जातीचे नाव असावे.

कापडाच्या खरेदीसाठी बँकॉकला जाणारे आमचे व्यापारी बांधव पुष्कळ. तिथल्या बाजारात रोपे अगदी मातीमोल दिसतात आणि चार-सहा बॅगेत टाकून आणण्याचा मोह होतो. परवाना आणि तिथल्या सरकारचा रोगमुक्तीचा दाखला असल्याशिवाय विमानतळावर ती जप्त होतात, आणि होणे योग्यच आहे. एका रोपाबरोबर येणारा विषाणू सबंध शेड बसवू शकतो.

आता हे फूल कुठे होईल? काडीच्या फुलासाठी आपल्याकडे डेंड्रोबियमच्या संकरित जाती चालतात, सोनिया हे त्यातले सर्वांत खपाचे नाव, पांढऱ्यात एमा व्हाइट. यांना रात्री १८ अंशांच्या खाली जाणारी थंडी मानवत नाही, दिवसा २१ ते २९ अंश आणि हवेत ६० ते ८० टक्के ओलावा हवा. या मापाने पाहिले तर आहुप्यात, जिथे जंगली आमरी सुखाने राहते, तिथे ही संकरित जात उघड्या जाळीखाली नीट होणार नाही. हिवाळ्याच्या रात्री गारठ्याच्या, पावसाळ्यात उजेड कमी, आणि कड्यावरचा वारा प्लास्टिकच्या चिंध्या करील. जुन्नर, नारायणगाव, मंचर या देशावरच्या पट्ट्यात वीज, रस्ता, बाजार सारे आहे, पण एप्रिलची कोरडी हवा आणि डिसेंबरची थंडी दोन्ही झाडाला सोसत नाहीत. तिथे बंद पॉलिहाऊस आणि फॉगर लागतो, खर्च वाढतो. घाटाखालचा उबदार, दमट कोकणपट्टा आणि गोवा या पिकाला निसर्गतः जवळचे. खोपिवलीच्या बाजूचा शेतकरी आहुप्याच्या शेतकऱ्यापेक्षा डेंड्रोबियमला अधिक योग्य, हे ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण खरे आहे. फॅलेनॉप्सिस ही मोठ्या फुलपाखरासारखी ऑर्किड तर वातानुकूलित घराचे पीक. तिला फुलावर आणण्यासाठी काही आठवडे गारवा द्यावा लागतो. लहान भांडवलवाल्याने तिकडे पाहू नये.

छपराविषयी आम्ही थोडे विस्ताराने लिहितो, कारण तो आमचा प्रांत. शेडनेट एचडीपीई धाग्याचे असते. ताग्याचा टक्का म्हणजे ते किती ऊन अडवते ते. डेंड्रोबियमला साधारण ५० टक्क्यांचे चालते, भर उन्हाळ्यात वर आणखी एक सरकती जाळी घालावी. राशेल विणीची जाळी कापली तरी उसवत नाही, म्हणून तीच घ्यावी. दुकानदार टक्का सांगतो, वजन सांगत नाही. कापडाला जसे ग्रॅम, तसे जाळीलाही प्रति चौरस मीटर ग्रॅम असतात. एकाच टक्क्याच्या दोन जाळ्यांत हलकी असेल ती दोन उन्हाळ्यांत चुरते. धाग्यात उन्हापासून बचावाचे रसायन आहे का ते विचारावे, आणि भारतीय मानक १६००८ ची खूण पाहावी. नुसत्या जाळीतून पावसाळ्यात सतत पाणी गळते व कोंब सडतात. म्हणून सह्याद्रीच्या आसपास वर २०० मायक्रॉनचे पॉलिथिन आणि खाली जाळी, बाजू उघड्या, अशी रचना करावी. उंची किमान बारा फूट, नाहीतर दुपारी आत भट्टी होते.

या कामात आमच्या कारागिरांना जागा आहे. जीआय पाइप वाकवून कमान करणे, पाया, टेकू, जाळी शिवून ताणणे हे वेल्डर आणि ताडपत्री-तंबू शिवणाऱ्यांचे काम. सुतारांनी सागाच्या पट्ट्यांच्या तुकड्यांपासून सहा इंची जाळीदार टोपल्या कराव्यात; व्हँडा जातीची ऑर्किड अशाच टोपलीत, मुळे लोंबती ठेवून वाढते. कुंभाराकडून कुंडी घ्यायची तर बाजूला भोके पाडलेली हवी, साधी नको. कुंडीत लोणारी कोळसा, विटेचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरतात. सोडण दोन-चार दिवस पाणी बदलत भिजवावे, त्यातला क्षार आणि कस निघून जातो. कुंड्या जमिनीवर ठेवू नयेत, दोन-तीन फूट उंच मांडवावर ठेवाव्यात, नाहीतर गोगलगायी एका रात्रीत कोंब खातात.

पाणी हलके हवे. बोअरचे जड पाणी या झाडाला सोसत नाही, पानांवर पांढरे डाग आणि मुळांची टोके काळी पडतात. पावसाचे पाणी साठवता आले तर सोन्याहून पिवळे, आणि आपल्या घाटमाथ्यावर त्याला तोटा नाही. खत मुळात विद्राव्य, लिटरला दोन ग्रॅमपेक्षा जास्त नको, आठवड्यातून एकदा फवारून. वाढीच्या काळात नत्र अधिक, फुलाच्या आधी स्फुरद-पालाश अधिक. कात्री एका झाडावरून दुसऱ्याकडे नेताना ज्योतीवर धरून भाजावी. ऑर्किडचे विषाणू कात्रीच्या पात्यावरूनच पसरतात आणि त्यांना औषध नाही.

बागेत, उघड्यावर ऑर्किड लावणे हा वेगळा आणि स्वस्त प्रकार. फार्महाऊस, हॉटेल, रिसॉर्टवाले याला पैसे देतात. आंबा, चिकू यांसारख्या खरबरीत सालीच्या झाडाच्या बुंध्यावर, सकाळचे ऊन लागेल अशा बाजूला, नर्सरीचे रोप बांधायचे. पेरू किंवा निलगिरीवर नको, साल सोलून पडते आणि रोपही पडते. बांधायला नायलॉनची दोरी वापरू नये, ती मुळे कापते. सुती होजिअरीच्या चिंध्या घ्याव्यात, त्या लवचिक असतात, आणि साल-दीड सालात त्या कुजेपर्यंत मुळांनी साल पकडलेली असते. शिंप्याच्या दुकानातला कचरा इथे कामाला येतो. वेळ म्हणजे जूनचा पहिला पाऊस.

आता हिशेब. पुढचे आकडे बाजारभाव नव्हेत, हिशेब कसा मांडावा याची रीत आहे. आपापल्या गावचे भाव त्यात भरावेत. पाच गुंठे, म्हणजे सुमारे ५०० चौरस मीटर शेड. चौरस मीटरला ७०० रुपये धरले तर ३,५०,०००. मांडव, कुंड्या, भरणे, पाणी यंत्रणा १,५०,०००. रोपे ४,५००, पन्नास रुपयांप्रमाणे २,२५,०००. लहान रोपाला नीट फुलावर यायला दोन वर्षे लागतात. एका माणसाची मजुरी महिना १२,००० धरली तर दोन वर्षांची २,८८,०००, खत-औषध-वीज एक लाख. म्हणजे पहिली काडी विकण्याआधी ११,१३,००० रुपये गुंतले. नंतर झाडाला वर्षाला पाच काड्या आल्या, दहावा भाग वाया गेला आणि अडत-वाहतूक जाऊन आठ रुपये हातात पडले, तर १,६२,००० रुपये होतात. वर्षाचा चालू खर्च १,९४,०००. म्हणजे तोटा. झाडाने आठ काड्या दिल्या आणि बारा रुपये सुटले तर ३,८८,८०० येतात, खर्च जाता १,९४,८००, आणि भांडवल परत यायला पावणेसहा वर्षे. तोवर झाडे म्हातारी होतात. चांगले आणि वाईट वर्ष यांत एवढाच फरक आहे.

शेडनेट व लागवडीवर फलोत्पादन अभियानातून मान्य खर्चाच्या निम्म्यापर्यंत अनुदान मिळू शकते, अर्ज महाडीबीटीवर करायचा. पण पूर्वसंमतीच्या आधी काम सुरू केले तर अनुदान हातचे जाते. राष्ट्रीय बागवानी मंडळाचे अनुदान बँकेच्या कर्जाशी जोडलेले असते. ज्यांना व्याजात पडायचे नाही त्यांनी जमीनवाला, पैसेवाला आणि काम जाणणारा अशी शिरकत करावी, नफा-नुकसानीचे हिस्से पहिल्या दिवशी कागदावर लिहून. १९९१ नंतर निर्यातीच्या आशेने पुणे-बंगळूरकडे फुलांचे मोठमोठे प्रकल्प निघाले आणि दहा वर्षांच्या आत त्यातले कित्येक कर्जाखाली बसले, हे आमच्या पिढीने पाहिले आहे.

तेव्हा आमचे मत असे की नुसती काडी मंडईत पाठवण्यासाठी लहान शेड बांधू नये. ज्याचा स्वतःचा डेकोरेशनचा धंदा आहे त्याने बांधावी. त्याची काडी अडतीच्या भावाने नव्हे तर मंडपाच्या भावाने विकली जाते. किंवा फुललेली कुंडी विकावी. जो शेड उभारून देतो, जाळी शिवतो, टोपल्या करतो, त्याचा पैसा काम संपताच सुटतो, त्याला दोन वर्षे थांबावे लागत नाही. आमच्या कारागिरांनी आधी या बाजूने शिरावे. तळेगाव दाभाडे येथील राष्ट्रीय सुगीपश्चात तंत्रज्ञान संस्थेत पॉलिहाऊसचे प्रशिक्षण मिळते, मराठी जाणणाऱ्याला ते समजते, पदवी लागत नाही.

फुले उतरवायची ती पहाटे, काडीवरची तीन हिश्श्यांनी फुले उमलली आणि टोकाच्या दोन-तीन कळ्या मिटलेल्या असताना. कळ्या तोडल्यानंतर नीट उमलत नाहीत, म्हणून घाई करू नये. देठ तिरपा कापून पाण्याच्या छोट्या नळीत खोचावा, दहा काड्यांची जुडी करावी, खोक्यात बर्फ घालू नये, कारण हे उष्ण मुलखातले फूल गारठ्याने काळे पडते. नीट हाताळली तर काडी दोन आठवडे टिकते. आपल्याकडे रमजान आणि मोहरमात लग्ने नसतात, हिंदू बांधवांकडे चातुर्मासात. त्या महिन्यांत झाड फुलतच राहते. तेव्हाचे गिऱ्हाईक, म्हणजे हॉटेल, ऑफिस, दवाखान्याला भेट नेणारे लोक, आधी ठरवून मगच रोपांची ऑर्डर द्यावी. आणि पहिल्या वर्षी पन्नास रोपे गच्चीवर जाळीखाली ठेवून पाहावीत.